कोणी नाही असं नाही

ओमानच्या किनाऱ्यावरच्या सहम गावी खरं म्हणजे ऑफिसातला प्रसाद एकटाच जायचा होता. पण निघायच्या घटकेला अस्मिता मॅडमना वाटलं, जिने ॲप बांधलं तीच बरोबर असलेली बरी. मस्कतमधल्या कुरुमच्या त्या छोट्याशा ऑफिसात मॅडमना 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. त्यामुळे मेहविश गाडीत बसली – जीव मुठीत धरून.

जीव मुठीत धरणं ही तिची सवयच होती. मस्कतच्याच अल् घुब्रा भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती लहानाची मोठी झाली. अब्बा घराबाहेर पडल्यावर कुलूप बघायला पुन्हा जिना चढून येणारे. अम्मी, कोणाचा फोन वाजून मध्येच बंद झाला की दुवा पुटपुटणारी. या दोघांच्या मुलीला लिफ्टची भीती वाटायची, विजांची वाटायची, अनोळखी नंबरची वाटायची, आणि रत्नागिरीहून नातेवाईक आले की त्यांच्यासमोर मराठी बोलायचीसुद्धा.

सहमला समुद्राकाठी माशांचं एक मोठं शीतगृह होतं. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं, आणि आतल्या खोल्यांत पापण्यांवर बर्फ धरेल अशी थंडी. भिंती इतक्या जाड, की आत गेलं की मोबाईलची रेंज मरायची. म्हणून तिथल्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, मेहविशच्या कंपनीकडून एक ॲप करून घेतलं होतं. इमारतीचं स्वतःचं वायफाय सगळ्या खोल्यांत पोचत होतं. त्याच्या आधाराने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर बोलायचं. इंटरनेट नको, सिमकार्ड नको. ॲपचं नाव 'निदा'. अरबीत निदा म्हणजे हाक.

मजूर एकेक करून फोन पुढे करत होते. ॲप उघडलं की फोन एक प्रश्न विचारायचा – या ॲपला तुमच्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधायची आहेत, परवानगी द्यायची का? मेहविश म्हणायची, "हाँ दबाइए." ते दाबायचे आणि पुढे सरकायचे.

एकाने मात्र 'नको' दाबलं.

तो थंडीच्या खोलीतून नुकताच बाहेर आला होता. अंगात जाड जाकीट, भुवयांवरचं दंव वितळून गालावर उतरलेलं. मेहविश प्रसादकडे वळून हळूच म्हणाली, "आता काय करू? याने तर नको दाबलं..."

"अच्छा, तुम्ही मराठीत घाबरता होय," तो माणूस म्हणाला.

ती कानापर्यंत लाल झाली. प्रसाद हसत दुसऱ्या टेबलाकडे निघून गेला.

"मी अम्मार. गाव हर्णै. इथला सुपरवायझर," तो म्हणाला. "आता सांगा, नको का नाही दाबायचं? उद्या कोणी दारात येऊन म्हणालं, तुमच्या घरात काय काय आहे ते बघू का, तर तुम्ही काय म्हणाल?"

"नको म्हणेन," मेहविश प्रामाणिकपणे म्हणाली.

"मग?"

"पण हे... हे तसं नाही. परवानगी दिली तरच तुमचा फोन बाकीच्या फोनना शोधू शकतो. बाकी काही बघत नाही तो. फोटो नाही, मेसेज नाही."

"हे तिथे लिहिलंय का कुठे?"

"नाही."

"मग लिहा की." त्याने फोन तिच्यासमोर धरला. निदाच्या पडद्यावर एकच ओळ होती – कोणीही सापडलं नाही. अम्मारने खोलीभर नजर फिरवली. "एवढी माणसं उभी आहेत, तुम्ही उभ्या आहात... आणि तुमचं ॲप म्हणतं कोणी नाही."

तो गंमत करत होता. पण मेहविशने ती ओळ पुन्हा वाचली. बर्फाच्या खोलीत एखादा अडकला, त्याने हा पडदा उघडला आणि वाचलं, कोणी नाही – तर? फोन हा प्रश्न एकदाच विचारतो. एकदा नको म्हटलं की पुन्हा विचारत नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन ते बटण शोधावं लागतं, आणि ते कुठे असतं हे ऑफिसातल्या निम्म्या लोकांनाही सांगता आलं नसतं.

तिने अम्मारच्या फोनवरची परवानगी चालू करून दिली. फोन परत देताना त्याची गार बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघांनीही हात जरा घाईनेच मागे घेतले.

परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात तीच ओळ घोळत होती.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मॅडम, निदा असं द्यायला नको. नको दाबलेल्या माणसाला कळायला हवं, की त्याने नको दाबलंय."

"फोन आपल्याला ते सांगतच नाही," अस्मिता मॅडम म्हणाल्या. "परवानगी नाही आणि माणूस नाही, दोन्ही आपल्याला सारखंच दिसतं. तुलाच माहीत आहे ते."

"एक उपाय आहे. फोनने आधी स्वतःलाच हाक मारायची. स्वतःची हाक परत ऐकू आली, तर परवानगी आहे. नाही आली, तर बहुतेक परवानगीच नाही. मग तसं स्पष्ट लिहायचं, आणि खाली थेट सेटिंगमध्ये नेणारं बटण द्यायचं."

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. या मुलीने आजवर कुठल्या गोष्टीसाठी हट्ट धरला नव्हता. "कर," त्या म्हणाल्या. "पण लवकर. आणि भाषा मजुरांना समजेल अशी."

भाषेसाठी अम्मारला फोन करावा लागला. निदान मेहविशने स्वतःला तरी असंच सांगितलं.

हिंदी, मल्याळी, बंगालीतलं वाक्य त्याने तिथल्या माणसांना विचारून दोन दिवसांत पाठवलं. मराठीचं मात्र संपता संपेना. तिने लिहिलं होतं, 'स्थानिक जाळ्याची परवानगी नाकारण्यात आलेली आहे.'

"हे कोण बोलतं असं?" अम्मारने विचारलं. "जाळं म्हटलं की आमच्या हर्णैच्या माणसाला मासे आठवतात."

"मग तुम्ही सांगा."

"तुम्ही सांगा. तुमच्या अम्मीला सांगायचं असेल तर कसं सांगाल?"

मराठी बोलताना ती नेहमीच अडखळायची. चुकलं तर लोक हसतील याची भीती. पण हा माणूस पलीकडे शांतपणे थांबून राहायचा. वाट बघत असल्याचंसुद्धा जाणवू द्यायचा नाही.

"तुम्ही... तुम्ही नको म्हणालात, म्हणून कोणी दिसत नाही," ती म्हणाली.

"बरोबर. अजून?"

"कोणी नाही असं नाही. इथे दाबा."

मग तो म्हणाला, "बस. याला आता हात लावू नका."

वाक्य ठरलं, तरी फोन थांबले नाहीत. कधी तो विचारायचा बटणाचा रंग कोणता, कधी ती विचारायची आज कुठला मासा आला. एकदा तो म्हणाला, "तुमचं काम संपलं की मग मी काय निमित्त काढायचं?" ती घाबरून "खलास, मीटिंग आहे" म्हणाली आणि फोन ठेवला. मीटिंग नव्हती. ती बराच वेळ बंद फोन हातात धरून बसून राहिली. काळजात धडधड होत होती आणि ती भीतीची आहे की आणखी कशाची, हे तिला सांगता आलं नसतं.

नवं निदा घेऊन ती आणि प्रसाद पुन्हा सहमला गेले, त्या दिवशी सकाळपासूनच डोंगराच्या बाजूला ढग जमत होते. जुनं ॲप काढून नवं टाकायचं काम सुरू झालं. अम्मार चहाचे दोन कप घेऊन आला, एक तिच्यापुढे ठेवला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझी खाला, अम्मीची बहीण, मस्कतला यायची आहे. तिला... तुमच्या घरी पाठवू का?"

मेहविशला प्रश्न कळला. उत्तरही तिच्या जिभेवर होतं. पण सगळं एकदम अंगावर आलं – अब्बा काय म्हणतील, त्याची माणसं कशी असतील, उद्या काही बिनसलं तर. तिने मान खाली घातली आणि समोरच्या फोनवर उगाचच बोट फिरवत राहिली.

अम्मारने थोडी वाट पाहिली. "बरं," तो हलकेच म्हणाला. स्वतःच्या फोनवर त्याने नवं निदा टाकून घेतलं, वर आलेल्या प्रश्नाकडे न बघताच काहीतरी दाबलं, आणि फोन खिशात टाकून निघून गेला. तिने ते पाहिलं नाही. ती खालीच बघत होती.

दुपारी पाऊस कोसळला. ओमानच्या उन्हाळ्यातला पाऊस असा डोंगरातून धावतच येतो आणि वाद्यांना, म्हणजे एरवी कोरड्या पडलेल्या नद्यांना, पूर आणतो. कोरड्या पात्रात घटकाभरात ट्रक वाहून जाईल एवढं पाणी. मजुरांना लवकर घरी पाठवलं. प्रसाद पेट्रोल भरायला गेला होता, तो वादीच्या पलीकडेच अडकला. मग वीज गेली, आणि पाठोपाठ मोबाईलची रेंजही.

ऑफिसात मेहविश आणि म्हातारे हुसैनमियाँ एवढेच उरले. हुसैनमियाँ श्रीवर्धनचे, गोदामाच्या चाव्या सांभाळायचे. बाहेर अम्मारची गाडी नव्हती.

"अम्मार गेले का?" तिने विचारलं.

"गाडी नाय म्हणजे गेला असंल पोरांना सोडायला. तू घाबरू नको, बाय."

तिने निदा उघडलं. वायफायचे डबे बॅटरीवर चालू होते. यादीत हुसैनमियाँचं नाव होतं, अम्मारचं नव्हतं. नाव नाही म्हणजे माणूस इमारतीत नाही. सांगूनसुद्धा गेला नाही... वीज कडाडली तेव्हा तिने कानांवर हात ठेवले, आणि त्या अंधारात तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची, की आपल्या एका गप्प बसण्याने सगळं संपलं.

आणि तिच्या हातातला फोन वाजला. निदाच्या पडद्यावर नाव होतं – अम्मार.

"मेहविश..." दातावर दात आपटत होते. "तीन नंबरची खोली. वीज गेली तेव्हा दार सरकता सरकता बंद झालं. आतली कडी बर्फाने धरलीय. हलत नाही."

"तुम्ही... तुमचं नाव नव्हतं. मी बघितलं होतं."

"गाडी पोरांना दिली घरी जायला. आणि सकाळी रागात नको दाबलं मी. मघापासून बघतोय, कोणी नाही... मग तुमचं ते वाक्य वाचलं." तो हसायचा प्रयत्न करत होता. "बोटं चालत नव्हती बटण दाबायला."

ज्या वाक्यासाठी ती भांडली होती, त्याचा तिला स्वतःलाच विसर पडला होता. नाव नाही म्हणून माणूस नाही असं तिने मानलं होतं, आणि तो तेवढा वेळ भिंतीपलीकडे गोठत होता.

"हुसैनचाचा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तीन नंबर. पहार आणा."

खोल्यांकडे जाणारा बोळ काळाकुट्ट होता. एरवी ती तिथे दिवे असतानाही एकटी गेली नसती. आज ती फोनचा उजेड धरून धावत सुटली. दाराखालची पट्टी पांढऱ्या बर्फाने बुजली होती. हुसैनमियाँनी पहार घातली, पण त्यांच्या अंगात तेवढा जोर कुठून येणार? मेहविशला एकदम आठवलं, या दिवसांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला पोळतं येतं. तिने बादली उचलली.

बादल्या भरून ती पट्टीवर ओतत राहिली. वाफा उठत होत्या, पाय घसरत होते, फोन ओढणीत गुंडाळून तिने खांद्याशी बांधला होता.

"बोलत राहा," अम्मारचा आवाज आला. जडावलेला. "थांबू नकोस, मेहविश."

त्याने तिला 'तू' म्हटलं होतं. तिला रडू आवरेना. "मी बोलतेय. ऐका... सकाळी तुम्ही विचारलंत ना, त्याचं उत्तर –"

"आत्ता नको."

"का?"

"गारठून मरणाऱ्याला कोणीही हो म्हणेल." श्वास घ्यायला तो थांबला. "मला दयेतलं नको. दुसरं काही सांग. काहीही."

मग ती काहीही सांगत सुटली. लहानपणी लिफ्टमध्ये अडकली होती ते, अम्मीच्या सांदणांचं, शाळेत स्टेजवर जाऊन एकही शब्द न बोलता परत आली होती ते. मराठी, इंग्रजी, हिंदी, जे तोंडाला येईल ते. तो मध्येमध्ये "हं" म्हणत होता. हं-मधलं अंतर वाढत गेलं. थंडीत फोनची बॅटरीही भराभर उतरते हे तिला माहीत होतं, आणि तेच तिला आठवायला नको होतं.

फोन कट झाला.

ती थांबली नाही. दाराला तोंड लावून बोलतच राहिली, पाणी ओततच राहिली. हुसैनमियाँ "या अल्ला" म्हणत पहारेवर सगळं अंग टाकत होते. शेवटी दार करकरलं. बोटभर फट, मग हातभर. दोघांनी मिळून ते ओढलं. आतून धुक्यासारखी थंडी बाहेर आली आणि दाराशीच, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला अम्मार.

तिने त्याचा हात धरला. हात लाकडासारखा होता. पण त्याने मान वर केली.

वादीचं पाणी ओसरल्यावर प्रसादने त्याला दवाखान्यात नेलं. जिवावरचं बोटांवर निभावलं, डॉक्टर म्हणाले. जखमा भरतील, पण पट्ट्या बरेच दिवस राहतील. दवाखान्याच्या त्या गर्दीत दोघांना एकमेकांशी बोलताही आलं नाही.

त्यानंतर अम्मारचा फोन आला नाही. हुसैनमियाँकडून खबर कळायची – बरा आहे, जेवतो आहे, जाकीट न घालता उन्हात बसतो. मेहविशला दिवसभर एकच शंका खायची. तो आपल्या 'हो'ची वाट बघतोय, की तो विषयच त्याने सोडून दिला? फोन करायला ती क्रमांक काढायची आणि ठेवून द्यायची. फोनवर माणूस गप्प राहू शकतो. फोनवर ती स्वतः पुन्हा गप्प राहिली असती.

एका शुक्रवारी सकाळी तिने कपाटातून गाडी चालवायचा परवाना काढला. तो मिळाल्यापासून ती एकटी कधी घराच्या चौकापलीकडे गेली नव्हती.

"अम्मी, अब्बांची गाडी नेते. सहमला."

अम्मीने हातातलं काम ठेवलं. मुलीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाहेरच्या खोलीतून अब्बांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तसा तिने डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. मग ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत तिने पाण्याची बाटली भरून मुलीच्या हातात दिली.

सगळा रस्ता मेहविशचे हात घामाने निसटत होते. ट्रक शेजारून गेला की ती श्वास रोखून धरायची. कोरड्या वाद्यांवरच्या पुलांवर तर तिने डावीउजवीकडे पाहिलंच नाही.

अम्मार आपल्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला होता. गाडी थांबली, दार उघडलं, आणि चालकाच्या बाजूने ती उतरली, तेव्हा तो उभाच राहिला.

"एकट्या आलात?"

"हो." तिने गाडीचं दार लावलं. "आत्ता तुम्ही गारठलेले नाही आहात ना?"

"नाही."

"मग ऐका. पाठवा तुमच्या खालाला." एवढं बोलून ती श्वास घ्यायला थांबली. "मी तेव्हा गप्प बसले ते नको म्हणून नाही. मला भीती वाटते. खरंच, सगळ्याची वाटते. इथवर येताना वाटली. तुमच्या घरच्यांची वाटते, लग्नाची वाटते, उद्याची वाटते..."

"आणि माझी?"

ती विचारात पडली. तिने अगदी मनापासून शोधून पाहिलं.

"तुमची नाही वाटत," ती म्हणाली.

पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याने चेहरा झाकला, आणि हात खाली घेतले तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "खाला येईल तेव्हा येईल," तो म्हणाला. "मी स्वतःच उद्या येतो, तुमच्या अब्बांना भेटायला."

"उद्या नको. उद्यापर्यंत मी पुन्हा घाबरेन." तिने गाडीचं दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं. "आत्ता चला."

तो बसला. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी त्याला सीटबेल्ट लावता येईना. तेव्हा ती वाकली, त्याच्या खांद्यावरून तो ओढून घेतला, आणि दोनदा चुकून, तिसऱ्यांदा तो बरोबर बसवला.